हगामा आणि हंगाम

आपल्या नगर जिल्ह्यात गावची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. शिर्डीत रामनवमीच्या उत्सवातही कुस्त्या होतात. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती लागते. जो जिंकतो त्याला इनाम मिळतं, फेटा मिळतो. जो चीत होतो तो अंगावरची माती झटकून घरी जातो आणि पुढच्या यात्रेपर्यंत त्याची कुणी चौकशी करत नाही. ‘हगामा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा अर्थ गर्दी, गलबला. त्याच घरातून आलेला दुसरा शब्द म्हणजे ‘हंगाम’. ठरावीक काळ, मोसम, असा त्याचा अर्थ. ज्वारीचा हंगाम, उसाचा हंगाम आपण म्हणतो. दोन्ही शब्द सख्खे, पण एक दिवसभराचा आणि दुसरा महिनोन्महिन्यांचा.

खेळातही हे दोन प्रकार आहेत. कुठल्याही तालुक्याच्या गावी फुटबॉलची किंवा कबड्डीची स्पर्धा भरते ती बहुधा ‘चषक’ असते. कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा, कुणा दिवंगताच्या स्मरणाचा. दोन-चार दिवसांत मांडव उठतो. हा झाला हगामा. दुसरा प्रकार साखळी सामन्यांचा, ज्याला सगळे ‘लीग’ म्हणतात. त्यात प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो आणि ते सामने कित्येक महिने चालतात. हा झाला हंगाम. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल, आणि तेही टीव्हीवरच्या कोट्यवधींच्या लीगबद्दल नव्हे. ज्यांच्या खेळाडूंना सोमवारी सकाळी कामावर जायचं असतं, अशा हौशी माणसांच्या लीगबद्दल.

आधी थोडा हिशेब करू. सोळा संघ आले आणि बाद पद्धतीने स्पर्धा घेतली, तर एकूण १५ सामने होतात. त्यातले आठ संघ पहिल्याच सामन्यात घरी जातात. म्हणजे महिनाभर सराव, वर्गणी काढून जर्सी, जीप ठरवून प्रवास, आणि खेळायला मिळाली फक्त ९० मिनिटं. तेच सोळा संघ साखळीत खेळले, तर एकेका संघाला १५ सामने मिळतात आणि एकूण सामने होतात १२०. बाद पद्धतीत जो जिंकतो त्यालाच जास्त खेळायला मिळतं, म्हणजे ज्याला सरावाची गरज कमी त्यालाच सराव अधिक. साखळीत मात्र शेवटच्या नंबराचा संघही पहिल्या नंबराइतकेच सामने खेळतो. आज सहा गोलांनी हरलेल्या गोलरक्षकाला आठ दिवसांनी पुन्हा गोलपोस्टसमोर उभं राहायचं असतं. खेळाडू तयार होतो तो या पुन्हा उभं राहण्यातून.

फुटबॉलमध्ये ही पद्धत निघाली इंग्लंडमध्ये, आणि ती काढणारा माणूस कापडाचा दुकानदार होता. विल्यम मॅकग्रेगर त्याचं नाव. मूळचा स्कॉटलंडचा, दुकान बर्मिंगहॅमला, आणि ॲस्टन व्हिला क्लबच्या कारभारात त्याचा सहभाग. त्या काळी क्लब आपसात मैत्रीचे सामने ठरवायचे, पण ते होतीलच याचा भरवसा नसायचा. समोरच्या संघाला दुसरीकडे चषकाचा सामना मिळाला की ठरलेला सामना रद्द. तिकीट काढून आलेले लोक परत जायचे. दुकानदार माणसाला ही गोष्ट पटणं शक्य नव्हतं. २ मार्च १८८८ रोजी त्याने काही क्लबांना पत्र लिहिलं. निवडक क्लबांनी वर्षाचे सामने आधीच ठरवावेत आणि ते पाळावेत, असं त्याचं म्हणणं. त्यातून बारा क्लबांची ‘फुटबॉल लीग’ उभी राहिली. ८ सप्टेंबर १८८८ ला पहिले सामने झाले. गंमत म्हणजे गुण कसे मोजायचे हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं. विजयाला दोन आणि बरोबरीला एक, हा नियम नोव्हेंबरमध्ये झाला. विजयाला तीन गुण तिथल्या लीगमध्ये १९८१ साली आले.

पहिल्या हंगामात प्रेस्टन संघ २२ सामन्यांत एकही न हरता पहिला आला. पुस्तकांत त्याचंच नाव असतं. मला जास्त वाटतं ते तळाशी राहिलेल्या स्टोकबद्दल. २२ पैकी चार विजय, १४ पराभव, गुण १२. त्यांना पुन्हा अर्ज करावा लागला आणि बाकीच्यांनी त्यांना ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा शेवटचे आले, तेव्हा मात्र बाहेर काढलं. मग ते दुसऱ्या एका स्पर्धेत खेळले, तिथे पहिले आले आणि १८९१ साली परत लीगमध्ये आले. तो क्लब आजही खेळतो आहे.

या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंना पगार होता. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला १८८५ साली मान्यता मिळाली होती. पण तिचं पाहून लहान-लहान प्रादेशिक लीग निघाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच हौशी खेळाडूंच्या होत्या. ईशान्य इंग्लंडच्या कोळशाच्या पट्ट्यात १८८९ साली नॉर्दर्न लीग सुरू झाली. ती आजही चालू आहे. तिथली गावं खाणींच्या भोवती वसलेली. आठवडाभर जमिनीखाली काम करायचं आणि शनिवारी दुपारी मैदानात उतरायचं, अशी तिथल्या खेळाडूंची रीत.

या लीगमधल्या वेस्ट ऑकलंड नावाच्या खाणीच्या गावाची एक हकीगत सांगण्यासारखी आहे. चहाचे प्रसिद्ध व्यापारी सर थॉमस लिप्टन यांनी इटलीतल्या तुरिन शहरात वेगवेगळ्या देशांच्या संघांची स्पर्धा ठेवली. इंग्लंडच्या संघटनेने संघ पाठवायचं नाकारलं. तेव्हा गेला तो वेस्ट ऑकलंडचा हौशी संघ. १९०९ साली त्यांनी ती स्पर्धा जिंकली. १९११ साली पुन्हा गेले आणि अंतिम सामन्यात इटलीच्या युव्हेंटसला ६-१ असं हरवलं. दुसऱ्यांदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांचा झाला. पण प्रवासखर्चाने क्लब कर्जात बुडाला होता. चषक ४० पौंडांसाठी गावातल्या एका हॉटेलवालीकडे तारण ठेवावा लागला आणि तो सोडवायला १९६० साल उजाडलं. तेव्हा १०० पौंड मोजावे लागले. एकदा गाजलेला विजय आणि त्यामागे जवळजवळ पन्नास वर्षांचं देणं! तरी गावातला फुटबॉल संपला नाही.

आता ‘हौशी’ या शब्दाकडे वळू. लंडनच्या भागात १९०५ साली इस्थमियन लीग निघाली. तिचं ब्रीद लॅटिन भाषेत होतं. त्याचा अर्थ, ‘मान पुरेसा आहे’. विजेत्याला सुरुवातीला चषकही नाही आणि पदकही नाही. विचार थोर होता, पण त्याला दुसरी बाजूही होती. ज्याच्या घरी खायला आहे त्याला मान पुरतो. कारखान्यातल्या मजुराची शनिवारची मजुरी बुडाली तर ती कोण देणार? म्हणून हळूहळू सामना संपल्यावर खेळाडूच्या बुटात गुपचूप नोट ठेवायची पद्धत पडली. कागदावर हौशी आणि बुटात पैसे. ‘बुटाचे पैसे’ हा तिथल्या बोलण्यातला शब्दच झाला. शेवटी १९७४ साली इंग्लंडच्या संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच नियमातून काढून टाकला. त्यानंतर सगळे नुसते खेळाडू. हौशी संघांसाठीचा १८९३ पासून चालत आलेला चषकही त्याच वर्षी संपला.

पण हौशी लीगने काय दिलं हे पाहायचं तर १९५८ साल आठवावं. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले. संघच उरला नाही. तेव्हा नॉर्दर्न लीगमधल्या बिशप ऑकलंड या हौशी क्लबचे तीन खेळाडू मदतीला गेले. बॉब हार्डिस्टी, डेरेक ल्यूइन आणि वॉरन ब्रॅडली. मुख्य उद्देश होता राखीव संघ उभा राहावा, ठरलेले सामने बंद पडू नयेत. यातला ब्रॅडली शाळामास्तर. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या मुख्य संघाकडून खेळला. जगातल्या नामवंत क्लबाचं घर कोसळलं तेव्हा हात दिला तो छोट्या लीगमधल्या माणसांनी. कारण ते तिथे दर आठवड्याला खेळत होते, तयार होते.

लीग टिकते ती वेळापत्रकावर, आणि वेळापत्रक ठरतं माणसांच्या सुट्टीवर. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. म्हणून तिकडे फुटबॉलची वेळ शनिवारी दुपारी तीन. शेफील्ड वेनस्डे हा क्लब आपण ऐकतो. ‘वेनस्डे’ म्हणजे बुधवार. त्या शहरातल्या दुकानदार-कारागिरांना बुधवारी अर्धा दिवस मोकळा मिळायचा, त्या दिवशी ते खेळायचे, म्हणून क्लबचं नाव बुधवार! रविवार हा देवाचा दिवस म्हणून संघटनेने कित्येक दशकं रविवारच्या फुटबॉलला मान्यताच दिली नव्हती. लोक तरीही खेळत. शेवटी १९६४ साली रविवारच्या संघांसाठी वेगळा चषकच सुरू झाला. लंडनच्या हॅकनी मार्शेस या पटांगणावर एके काळी शंभराहून जास्त मैदानं आखलेली असायची. महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा टाकून ती जागा भरली होती. रविवारी सकाळी एकाच वेळी शेकडो हौशी खेळाडू तिथे उतरायचे.

माणसांप्रमाणे वेळापत्रक वाकवता येतं, याचं अलीकडचं उदाहरण २०२१ च्या एप्रिलचं. रमजान चालू होता. लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्तानंतर गोल किकच्या वेळी खेळ क्षणभर थांबवला गेला आणि वेस्ली फोफाना या खेळाडूने मैदानातच रोजा सोडला. दोन्ही संघांनी आधीच तसं ठरवलं होतं. खेळ काही बिघडला नाही.

हे सगळं दूरच्या मुलखाचं झालं. पण महाराष्ट्रात अशा लीग आहेत. मुंबईची लीग १९०२ पासूनची. हारवूड लीग म्हणून जुने लोक तिला ओळखतात. मात्र गावाच्या जीवनात मुरलेली लीग पाहायची असेल तर कोल्हापूरला जावं. संस्थानी काळापासून तिथे फुटबॉल आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे ‘केएसए’ ही संस्था लीग चालवते. वरिष्ठ गटात सोळा संघ. त्यांची नावं ऐका. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर. नावं तालमींची आणि खेळ फुटबॉलचा! कुस्तीच्या तालमी पेठेपेठेत होत्याच. त्या मंडळांनीच फुटबॉलचे संघ उभे केले. तिथल्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. तेच पोरगं मिरवणुकीत नाचतं, तेच पेठेच्या संघासाठी घसा कोरडा करतं.

पाऊस संपून थंडी सुरू झाली की खेळाडूंची नोंदणी होते आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो. लीग झाली की मागोमाग चषकांचे सामने, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की त्या दिवशी पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. हजारो माणसं स्टेडियमवर जातात. कोल्हापुरातून फुटबॉलची सुरुवात केलेला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या संघात होता. भारताचा संघ फुटबॉलच्या कुठल्याही जागतिक विश्वचषकात खेळण्याची ती पहिलीच वेळ. घरोघरी फुटबॉलच्या गप्पा ज्या शहरात होतात तिथून असा मुलगा निघतो, यात नवल नाही.

कोल्हापुरात सगळं गोडच आहे असं नाही. पेठांची ईर्ष्या मैदानातून गॅलरीत जाते आणि गॅलरीतून रस्त्यावर. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, पोलिसांचा बंदोबस्त लागला आहे. पैसाही आला. परराज्यांतले, आफ्रिकी देशांतले खेळाडू संघ घेऊ लागले, आणि मग आपल्या पेठेच्या पोराने राखीव बाकावरच बसायचं का, असा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडच्या बुटातल्या नोटेचाच हा पुढचा अध्याय. पण यातही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ईर्ष्या कितीही असली तरी पुढच्या सामन्याची तारीख कागदावर लिहिलेली असते. ती पाळायची तर दंगा करणाऱ्याला आवरावंच लागतं, कारण सामने बंद झाले तर दोन्ही पेठांचं नुकसान. एका दिवसाच्या चषकात भांडून निघून जाता येतं. लीगमध्ये त्याच माणसांना पुन्हा तोंड दाखवायचं असतं.

तारीख पाळणं ही साधी गोष्ट वाटते, पण ती मोठमोठ्यांना जमत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा, इंडियन सुपर लीगचा, पुढचा हंगाम कराराच्या वादात स्थगित झाला आणि सप्टेंबरमध्ये सुरू होण्याऐवजी लांबला. नामांकित खेळाडू घरी बसले. इंग्लंडच्या लहान गावांतल्या लीगना असा करार नाही, टीव्ही नाही. तिथे एक सचिव असतो. तो वेळापत्रक काढतो, मैदान सांगून ठेवतो, पंचाला फोन करतो. कुणी तरी चुन्याच्या रेषा मारतं, कुणाच्या घरी जर्सी धुतल्या जातात, कुणी जाळी बांधतं. ही चार-पाच माणसं थकली की लीग बंद पडते. ती आहेत तोवर चालते.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी आपल्या राज्यात ‘मिशन वन मिलियन’ नावाचा कार्यक्रम झाला. शाळाशाळांना फुटबॉल वाटले गेले आणि एका दिवशी लाखो मुलं मैदानावर आली. कार्यक्रम चांगला होता. पण तो एक दिवस होता. चेंडू मिळालेल्या मुलाला दुसऱ्या आठवड्यात कुणाशी खेळायचं आहे, हे सांगणारा कागद त्याच्या हाती असता तर ते चेंडू लवकर झिजले असते. चेंडू झिजणं हीच त्या योजनेची खरी कमाई ठरली असती.

मग आपल्या राहाता तालुक्याचं काय? नगरला लष्कराची जुनी छावणी आहे, त्यामुळे फुटबॉल आपल्या जिल्ह्याला परका नाही. समजा शिर्डी आणि आसपासच्या गावांतून आठ संघ तयार झाले. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरवलं तर ५६ सामने होतात. दर आठवड्याला चार सामने घेतले तर चौदा आठवड्यांत हंगाम पुरा. दोन शाळांची मैदानं आठवड्यातून एक दिवस मिळाली तरी भागतं. दिवाळीनंतर सुरुवात केली तर महाशिवरात्रीच्या आसपास शेवटचा सामना होईल. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून तो पाहून त्या वर्षीच्या वेळा ठरवाव्या लागतील.

दिवस मात्र रविवार नको. रविवार म्हणजे शिर्डीत सुट्टीचा नव्हे, कामाचा दिवस. गुरुवारी पालखी, शनिवार-रविवारी भाविकांची गर्दी. हार-फुलांच्या दुकानातला मुलगा, लॉजवर काम करणारा, प्रवासी नेणारा जीपवाला, यांना रविवारी श्वास घ्यायला फुरसत नसते. काकड आरतीच्या आधी उठलेला मुलगा शेजारतीपर्यंत उभा असतो. त्यांना सवड असलीच तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी. शेफील्डच्या कारागिरांनी बुधवारी खेळून क्लबला बुधवारचं नाव दिलं, मग शिर्डीच्या संघाचं नाव ‘मंगळवार’ असायला काय हरकत आहे? आपल्या गावाची सुट्टी कोणती हे आपणच ओळखायला हवं. मुंबई-पुण्याचा रविवार उसना आणून इथल्या पोरांना खेळता येणार नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. चषकाचा मांडव, ध्वनिक्षेपक, सत्काराच्या शाली आणि फ्लेक्स यांवर जो खर्च होतो तेवढ्यात दोन पंचांचं मानधन, चुना आणि चेंडू आरामात येतील. लागतो तो एक वहीत नीट हिशेब ठेवणारा माणूस, आणि आठ संघांचे आठ कर्णधार, जे हरल्यावरही पुढच्या मंगळवारी अकरा जण घेऊन येतील. पहिल्या वर्षी एखादा संघ चौदाच्या चौदा सामने हरेल. त्याची टिंगल होईल. त्या संघाला दुसऱ्या वर्षीच्या वेळापत्रकात जागा ठेवावी. लीग नीट चालली आहे की नाही, हे पहिल्या नंबराच्या सत्कारावरून कळणार नाही. तो शेवटचा संघ दुसऱ्या वर्षी मैदानात उतरला की समजावं, हंगाम लागला.